ओट्यामागच्या दरजा

हातातली कामं आटोपली असतील तर टेकून बसा, नसतील तर भाकरी थापता थापता ऐका. आज आम्ही योजनेचं सांगायला आलो नाही आणि कर्जाचंही नाही. आज बोलायचंय ते स्वयंपाकघरातल्या टाईल्सच्या मधल्या रेघांबद्दल. आपल्याकडं कुणी टाईल्स म्हणतं, कुणी स्टाईल म्हणतं, कुणी नुसतं फरशी. दोन टाईल्सच्या मधे जी बारीक फट असते तिला गवंडी लोक दरज म्हणतात. तिच्यात भरायचा जो माल दुकानात मिळतो, त्याला ग्राउट म्हणतात. आम्हाला हे दोन्ही शब्द वर्षभरापूर्वी माहीत नव्हते. नुकसान झालं, मग कळले.

आमचा गट पापड, कुरडया, शेवया आणि कारळाची चटणी करतो. त्यासाठी गावातच दोन खोल्या घेतल्या आहेत. पुढच्या खोलीत काळ्या कडप्प्याचा ओटा, ओट्यामागं दोन फूट उंचीच्या टाईल्स, कोपऱ्यात सिंक. भिंतीच्या पलीकडं सामानाची खोली. टाईल्स बसल्या तेव्हा आम्हाला केवढं कौतुक वाटलं होतं. मातीच्या भिंतीला पोतेरं घालण्यात जन्म गेलेल्या बायका आम्ही. हळदीचा डाग ओल्या फडक्यानं जातो, हेच आम्हाला नवल होतं.

दोन-तीन वर्षांनी सिंकच्या मागची रेघ काळी पडायला लागली. आम्ही घासली, ती पुन्हा काळी झाली. मग एक-दोन ठिकाणी रेघेतलं सिमेंट पावडर होऊन गळायला लागलं. मुंग्या त्या भोकातून ये-जा करायच्या. आम्ही म्हटलं, चालायचंच, कुठं नसतात मुंग्या. आणि मागच्या पावसाळ्यात पलीकडच्या खोलीत, बरोबर सिंकच्या मागं, भिंतीला लोणा लागला. चुना फुगून पोपडे पडले. तिथल्या फळीवर पापडाच्या पिशव्या होत्या. लग्नाच्या ऑर्डरचे 12 किलो पापड. पिशव्या उघडल्या तर कुबट वास आणि कडेला हिरवी बुरशी. सगळे पापड फेकले, घेतलेला इसार परत दिला. पैसे पुन्हा मिळवता येतात हो, पण त्या घरानं पुढच्या लग्नाचे पापड दुसरीकडून घेतले.

गवंडी बोलावला. त्यानं उभ्या उभ्या बघितलं आणि सांगितलं, सगळ्या टाईल्स काढाव्या लागतील, नवा गिलावा, नव्या टाईल्स, 18 हजार रुपये. आमच्या बैठकीत त्या दिवशी फार वेळ कुणी बोललंच नाही. कुणी म्हणालं अंतर्गत कर्ज काढू, कुणी म्हणालं ओटाच दुसरीकडं हलवू. शेवटी आमच्या आक्का बोलल्या. त्या एरवी बैठकीत फार बोलत नाहीत. म्हणाल्या, ‘‘टाईल्स कशाला काढता? टाईल्स धड हायेत. दरजा उकरा आन् भरा.’’

आता या आक्कांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आक्का तीस वर्षं बांधकामावर बिगारी होत्या. पाट्या उचलल्या, माल कालवला, विटा भिजवल्या, बांधकामावर पाणी मारलं. सुरुवात झाली भूकंपानंतर. 30 सप्टेंबर 1993ची ती पहाट आपल्या भागात कुणाला सांगावी लागत नाही. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं झोपलेली, आणि चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, उमरगा, लोहारा या पट्ट्यात दगड-मातीची जाड भिंताडं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. दगड वाईट नव्हता. दोन दगडांच्या मधे नुसती माती होती, भिंतीच्या आरपार जाऊन तिला बांधून ठेवणारे दगड नव्हते, आणि वरून मातीच्या माळवदाचं ओझं होतं. म्हणजे तिथंसुद्धा गोष्ट सांध्यांचीच होती.

त्यानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून घेतलं होतं. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्या कामात होती. या बायका घरोघर जाऊन सांगायच्या की अनुदान कसं मिळतं, भिंत कशी बांधून घ्यायची, गवंड्याला काय विचारायचं. शेजारच्या गावच्या अशा एका बाईचं बोलणं आक्कांनी तेव्हा ऐकलं होतं. आक्का म्हणतात, ‘‘तवा मला पयल्यांदा कळलं की बाईनं घराबद्दल इचारलेलं चालतंय.’’ विचारलेलं चालतं, पण थापी हातात घेतलेली चालत नाही, हे मात्र त्यांनी पुढं तीस वर्षं अनुभवलं. माल बाईनं कालवायचा, थापी गड्यानं धरायची. मजुरी त्याची जास्त. आक्कांनी सगळं बघून ठेवलं होतं, केलं कधीच नव्हतं.

तर आता कामाचं बोलू. टाईलच्या फटीतून पाणी भिंतीत जातं कसं, ते आधी समजून घ्या.

टाईल म्हणजे भाजलेली माती. आपल्या तेरच्या गोरोबाकाकांचा जो धंदा, त्याच जातीतली वस्तू. फक्त भट्टी फार तापलेली, हजार अंशांच्या वर, आणि वरून काचेसारखी चकाकी दिलेली. पाणी अडतं ते त्या चकाकीवर. टाईल उलटी करून बघा, मागची बाजू खापरासारखी असते. भिंतीला लावायची जी साधी सिरॅमिक टाईल असते, ती स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकते. जमिनीवर घालतात ती व्हिट्रिफाइड टाईल अर्धा टक्कासुद्धा पीत नाही, पण ती वेगळी. म्हणजे आपल्या ओट्यामागच्या टाईलला समोरून कितीही पाणी मारा, काही होत नाही. कडेनं, दरजेतून पाणी गेलं की ती मागून पिते, तिच्या मागचा माल पितो, मग भिंत पिते. भिंतीतलं पाणी पलीकडं निघतं आणि निघताना क्षार बाहेर आणून ठेवतं. तोच लोणा. बोअरचं जड पाणी असेल तर क्षार आणखी.

दरज का फुटते? आमच्याकडं तीन कारणं सापडली. पहिलं, आपल्याकडं टाईल्स एकमेकींना चिकटवून बसवायची पद्धत आहे, मधे फटच ठेवत नाहीत. गिऱ्हाइकालाच तसं आवडतं, रेघ दिसू नये म्हणून. मग वरून नुसतं पांढरं सिमेंट चोळतात. ते आत जायला जागाच नसते, पापुद्र्यासारखं वर बसतं आणि निघतं. दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवली तर माल आत धरतो. दुसरं, नुसतं पांढरं सिमेंट वाळताना आकसतं आणि त्याला बारीक तडे जातात. पाकिटात मिळणाऱ्या ग्राउटमध्ये चिकटपणासाठी आणखी काही घातलेलं असतं, ते जास्त टिकतं. तिसरं कारण आम्ही स्वतः. ते पुढं येईल.

काम सुरू करायच्या आधी आक्कांनी आम्हाला चमचा घेऊन टाईल्सवर ठोकायला लावलं. चमच्याच्या दांड्यानं प्रत्येक टाईलच्या मधे आणि चारी कोपऱ्यांवर हळू ठोकायचं. भरीव आवाज आला तर टाईल धरून आहे. पोकळ, मडक्यासारखा आवाज आला तर मागचा माल सुटला आहे. आमच्या एकूण टाईल्सपैकी तीनच पोकळ वाजल्या. तीन टाईल्ससाठी सगळी भिंत कशाला सोलायची? अर्ध्याहून जास्त पोकळ वाजल्या असत्या, तर गवंडी म्हणत होता तेच बरोबर ठरलं असतं, हेही सांगून ठेवतो.

आणखी एक बघा. तडा फक्त दरजांमध्ये आहे, की एका ओळीत टाईल्ससुद्धा चिरत गेला आहे? टाईल्स चिरत तिरका वर जात असेल तर ते काम ग्राउटचं नाही. आपल्या काळ्या मातीत पाया पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात खचतो, आणि भिंत हलते. तिथं जाणत्या माणसाला दाखवा. आणि सिंकखालचा पाइप, तोटीचा जोड हे आधी कोरड्या हातानं चाचपा. तिथून गळत असेल तर दरजा सोन्यानं भरल्या तरी भिंत ओलीच राहणार. आमच्या सिंकखालचा एक वायसर गेला होता. तो आधी बदलला.

आता उकरणं. सगळं काम खरं इथंच आहे. जुन्या मालावर नवा माल फासला तर महिन्यात निघतो, आमच्यातल्या एकीनं घरी करून बघितलंय. दुकानात ग्राउट काढायची छोटी करवत मिळते. ती नसेल तर लोखंड कापायच्या करवतीचं पातं घ्या, अर्ध्या भागाला जाड कापड गुंडाळून वर चिकटपट्टी लावा, आणि दरजेत ओढत राहा. टाईलच्या जाडीच्या निदान अर्ध्यापर्यंत खोल जायला हवं. पेचकसानं ठोकून काढायला जाऊ नका, टाईलची कड टवकते. आधी दरजेवर थोडं पाणी शिंपडलं की धूळ उडत नाही. ही धूळ वाईट, फुप्फुसात बसते. नाकातोंडाला ओढणी नव्हे, मास्क लावा, आणि डोळ्याला चष्मा. कुणाचा जुना चष्मा असला तरी चालेल.

दहा फुटांचा ओटा उकरायला आम्हा चौघींना दोन दुपारी लागल्या. खांदे भरून आले. गप्पा मात्र भरपूर झाल्या. ज्यांच्या घरी कधी कुणी चहा करून दिला नव्हता त्यांचेही नवरे येऊन बघून गेले. एक जण म्हणाले, हे काय बायकांचं काम आहे का. आक्का म्हणाल्या, ‘‘माल कालवला तवा बरं चाललं.’’

उकरून झालं की जुन्या दातांच्या ब्रशनं फट झाडायची, ओल्या फडक्यानं पुसायची आणि सुकू द्यायची. आमची भिंत आत ओली होती, म्हणून आम्ही दरजा तशाच उघड्या ठेवून आठ दिवस थांबलो. तोवर सिंक बंद, भांडी बाहेरच्या मोरीवर. ओल आत कोंडून वरून बंद केलं तर ती पलीकडं निघते. तेवढे आठ दिवस कंटाळा आला, पण ते गरजेचे होते. पोकळ वाजणाऱ्या तीन टाईल्स मात्र आम्ही गवंड्यालाच बसवायला सांगितल्या. दोन बसल्या, खिडकीखालच्या तिसरीला तो म्हणाला, राहू द्या, अजून धरून आहे.

आता माल किती आणायचा? दुकानदार विचारतो तेव्हा आपण गोंधळतो आणि तो पाच किलोची पिशवी देतो. एक फूट बाय दीड फुटाची टाईल असेल, तीन मिलिमीटरची फट असेल, तर दहा फूट लांब दोन फूट उंच भिंतीला पूर्ण खोलीच्या दरजांनासुद्धा साधारण अर्धा किलो ग्राउट लागतं. एक किलोचं एक पाकीट पुरून उरतं. टाईल जेवढी लहान तेवढ्या दरजा जास्त. चार इंची टाईल्स असतील तर त्याच भिंतीला दीड किलोच्या आसपास धरा. तीन मिलिमीटरहून रुंद फट असेल तर वाळू मिसळलेलं ग्राउट येतं ते घ्यायचं, बारीक फटीला बिनवाळूचं. रंग पांढरा घेऊ नका. आपल्या स्वयंपाकघरात हळद आहे, तेल आहे, फोडणी आहे. आम्ही राखाडी घेतला.

कालवायला पाणी पिण्याचं घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार सुकल्यावर पांढरे वर येतात. पाणी किती ते पाकिटावर लिहिलेलं असतं, त्याहून एक चमचासुद्धा जास्त घालू नका. आधी पाणी, मग त्यात पावडर, कणीक भिजवताना करतो त्याच्या उलट. श्रीखंडाएवढं घट्ट झालं पाहिजे, चमच्यावरून ओघळता कामा नये. कालवलं की पाच-दहा मिनिटं तसंच ठेवायचं, पुन्हा ढवळायचं, मग वापरायचं. घट्ट व्हायला लागलं की पाणी घालून सैल करायचा मोह होतो. करू नका, फेकून द्या. म्हणून एकदम सगळं पाकीट कालवू नका, वाटीभर कालवा.

हातमोजे घाला, रबरी. इथं आमची चूक झाली. दोघींनी उघड्या हातानं माल भरला, म्हटलं कणकेसारखंच तर आहे. रात्री बोटांच्या टोकांची सालं गेली. ओलं सिमेंट चुन्यासारखं जाळतं, आणि जाळताना लगेच कळत नाही. आक्कांनी त्यांचे हात दाखवले, बोटांच्या पेरांना कायमच्या भेगा. इतक्या वर्षांच्या बांधकामात त्यांना कुणी हातमोजे दिले नव्हते. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्या बांधकामावर जातात त्यांनी हे घरी करायच्या कामापेक्षाही जास्त लक्षात घ्या. हातमोजे मागा. मिळाले नाहीत तर काम संपल्यावर साबणानं हात स्वच्छ धुऊन खोबरेल लावा.

माल भरायला रबरी थापी मिळते. आम्ही जुन्या हवाई चपलेचा तळ कापून, धुऊन वापरला, तोही चांगला चालतो. दरजेला आधी ओल्या फडक्यानं ओलसर करायचं, पाणी साचू द्यायचं नाही. मग माल दाबून दाबून भरायचा. थापी दरजेच्या रेषेत ओढायची नाही, ती भरलेलं उपसून काढते. तिरपी ओढायची. पंधरा-वीस मिनिटांनी माल थोडा आवळला की घट्ट पिळलेल्या स्पंजानं हलक्या हातानं पुसायचं. स्पंज ओलाचिंब असेल तर माल वाहून जातो. टाईलवर धुरकट पांढरा थर राहतो, तो सुकल्यावर कोरड्या फडक्यानं निघतो. आणि बादलीतलं सिमेंटचं पाणी मोरीत ओतू नका. पाइपात जाऊन दगड होतं. परसात एका कोपऱ्यात ओता.

मग सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. सिमेंट सुकून कडक होत नाही, पाणी पिऊन कडक होतं. आपल्याकडं एप्रिल-मेच्या उन्हात भरलेल्या दरजेतलं पाणी तासाभरात उडतं, सिमेंटला पुरत नाही, आणि ते भुसभुशीत राहतं. बोटानं खरवडलं की पावडर. म्हणून काम उन्हाळ्यात असेल तर संध्याकाळी करा, पंखा बंद ठेवा, आणि दुसऱ्या दिवसापासून दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हलका फवारा मारा. तीन दिवस तिथं भांडी घासू नका. इथं आक्का पक्क्या निघाल्या. रोज सकाळी सहाला येऊन पाणी मारून जायच्या. म्हणाल्या, ‘‘तीस वर्सं दुसऱ्याच्या भिताडाला मारलं.’’

ओटा आणि भिंत मिळतात तो कोपरा, आणि सिंकची कड, इथं मात्र ग्राउट भरू नका. कडप्पा आणि भिंत वेगवेगळ्या हलतात, त्या कोपऱ्यात सिमेंट टिकतच नाही. तिथं सिलिकॉनची नळी मिळते, रबरासारखं राहणारं. जागा पूर्ण कोरडी करून ते भरायचं आणि साबणाचं बोट फिरवून सपाट करायचं. आमची गळती मुख्यतः तिथूनच होती, हे आम्हाला शेवटी कळलं.

इपॉक्सी ग्राउट म्हणून आणखी एक प्रकार असतो. त्याला डाग पडत नाही, पाणी पीत नाही. पण ते बरंच महाग, दोन-तीन भाग मोजून मिसळावे लागतात, आणि लवकर आवळतं. वेळेत पुसलं नाही तर टाईलवर कायमचं बसतं. पहिल्यांदा करणारीनं सिंकमागच्या हातभर जागेतच करून बघावं. सगळ्या भिंतीला आम्हाला परवडलं नसतं आणि जमलंही नसतं.

आता ते तिसरं कारण, आमचं स्वतःचं. काळ्या रेघा जाव्यात म्हणून आम्ही दर महिन्याला फरशी धुवायचं अ‍ॅसिड ओतायचो. बाटलीत मिळतं ते, वाफ येणारं. रेघ पांढरी व्हायची, आम्ही खूश. पांढरी व्हायची कारण अ‍ॅसिड वरचं सिमेंट खायचं. दर महिन्याला आम्ही स्वतःच्या हातानं दरजा खाल्ल्या. लिंबू आणि व्हिनेगरसुद्धा हळूहळू तेच करतात.

आणि त्या अ‍ॅसिडची एक याहून वाईट गोष्ट. आमच्यातल्या एकीनं मोरीत आधी टीसीएल पावडर टाकली होती, ग्रामपंचायत पाण्याच्या टाकीत टाकते तीच. ती धुवून न काढता वरून अ‍ॅसिड ओतलं. पिवळसर हिरवट धूर निघाला, तिखट, नाक फाडणारा. ती खाली बसून घासत होती. श्वास अडकला, डोळ्यातून पाणी, खोकला थांबेना. तो क्लोरिन वायू. हवेपेक्षा जड असतो, खालीच साचतो, आणि बाई मोरीत बसूनच घासते. तिला ओढून बाहेर मोकळ्या हवेत आणलं, डोळ्यांवर पाणी मारलं, आणि 108ला फोन करून दवाखान्यात नेलं. दोन दिवस ती नीट बोलू शकली नाही. म्हणून हे घरातल्या पोरीबाळींनाही सांगा. टीसीएल आणि अ‍ॅसिड एका जागी कधीच नाही. एक आज, दुसरं उद्या असंही नाही, जागा भरपूर पाण्यानं धुतल्याशिवाय. आमच्या खोलीत आता अ‍ॅसिडची बाटली येतच नाही.

रोजच्या सफाईला भांड्याचा साबण आणि खाण्याचा सोडा, ओलसर करून दातांच्या ब्रशनं घासायचं, एवढं पुरतं. बुरशीचे काळे ठिपके तरीही राहिले तर लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा टीसीएल, वरचं निथळ पाणी घेऊन फडक्यानं लावायचं, खिडकी उघडी ठेवून दहा मिनिटांनी धुवून टाकायचं. त्यात दुसरं काहीही मिसळायचं नाही. आणि रात्री सिंकमागं कोरडं फडकं फिरवायचं. बुरशीला पाणी लागतं. पाणीच नसेल तर ती काय खाणार.

आमचा सगळा खर्च, ग्राउट, सिलिकॉन, वायसर, पाती, हातमोजे आणि दोन टाईल्स बसवायची गवंड्याची मजुरी धरून, दोन हजारांच्या आत झाला. पलीकडच्या भिंतीचा लोणा ब्रशनं झाडून काढला. त्यावर लगेच रंग दिला नाही, भिंत पूर्ण सुकायला दोन महिने जाऊ दिले. पापडाच्या पिशव्या आता भिंतीपासून चार बोटं पुढं ओढलेल्या फळीवर असतात.

गावातल्या चार घरांनी त्यानंतर आक्कांना बोलावलं. फुकट नाही. आम्ही बैठकीत दर ठरवला, गवंड्याच्या मजुरीइतकाच. एका घरी मालक म्हणाले, बाईला एवढे? आक्कांनी पिशवी उचलली आणि निघाल्या. वेशीपर्यंत पोचायच्या आत त्यांना परत बोलावलं. गेल्या आठवड्यापासून दोन पोरी त्यांच्याबरोबर जातात, माल कालवायला. मात्र आक्का त्यांना एक दिवस माल कालवायला लावतात आणि दुसऱ्या दिवशी थापी देतात.

खिडकीखालची ती तिसरी टाईल अजून पोकळच वाजते. दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशी आमच्यातली कुणीतरी जाऊन तिच्यावर चमचा वाजवून येते. या पावसाळ्यात काय होतं ते बघू, आणि सुटली तर ती आम्हीच बसवणार आहोत.